पाव किलोचा कट

गोटीराम डेर्ले याने आयुष्यात एकेचाळीस वेळा 'समक्ष' पाहिलं. त्यातलं खरोखर पाहिलं असेल सहा-सात वेळा. बाकीच्या वेळी तो आपल्या भेळभत्त्याच्या गाडीवर कांदा चिरत उभा होता आणि कायदाच त्याच्याकडे चालत आला होता, एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात पेन घेऊन.

कायद्याचं म्हणणं असं, की पोलिसांनी कुणाच्या घराची झडती घेतली तर तिथे दोन प्रतिष्ठित नागरिक पंच म्हणून हजर पाहिजेत. हा कायदा ज्याने लिहिला त्याला आपल्याकडचे प्रतिष्ठित नागरिक माहीत नसावेत. पोलिसांची जीप गल्लीत शिरली की त्यांच्या खिडक्या लागतात, कुणाला आंघोळ आठवते, कुणाची मावशी अत्यवस्थ होते. मग उरतो कोण? तर ज्याची गाडी चौकीच्या भिंतीला टेकून उभी आहे, आणि चौकीच्या मर्जीनेच उभी आहे, तो. गुटखा सापडला, बोलवा गोटीरामला. हातभट्टी फोडली, बोलवा गोटीरामला. नाशकात एवढे गुन्हे एकाच माणसाच्या डोळ्यांदेखत कसे घडतात, असा प्रश्न कधी कोणत्या कोर्टाला पडला नाही. कोर्टालाही कामं असतात.

गोटीराम मूळचा सायखेड्याचा. भेळेच्या आधी तो बाजार समितीत मापाडी होता, म्हणजे शेतकऱ्याचा माल तोलून देणारा परवानेवाला माणूस. त्याचा हात म्हणजे काटाच होता. गोणी जरा उचलून तो आकडा सांगायचा आणि मग तराजूने फक्त मान डोलवायची. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले. त्या काट्याला चहा लागत नाही, तंबाखू लागत नाही, आणि तो कुणाचा पाहुणाही नसतो. गोटीराम घरी बसला. मग बावीस वर्षांपूर्वी नाशकात येऊन त्याने भेळभत्त्याची गाडी लावली, पण गाडीवर काटा ठेवला नाही तो नाहीच. गिऱ्हाईकाने शंभर ग्रॅम फरसाण मागितलं की मूठ भरायची, कागदात टाकायची. शंका घेणाऱ्याला तो शेजारच्या वाण्याकडे मोजून आणायला लावायचा, आणि गिऱ्हाईक खाली मान घालून परत यायचं.

या माणसाला दोन गोष्टींचा माज होता. एक, आपला हात. दुसरी, आपण कधी फितूर झालो नाही. फितूर म्हणजे पोलिसांसमोर एक बोलून कोर्टात पलटी मारणारा साक्षीदार. बाकीचे पंच आरोपीच्या भावाला बघून घाबरायचे, तारखा विसरायचे. गोटीराम पिंजऱ्यात उभा राहिला की "होय, माझ्या समक्ष" असं खणखणीत सांगायचा. सरकारी वकील त्याच्यावर खूश, चौकी खूश. काम आणखी सोपं व्हावं म्हणून त्याने स्वतःच एक सोय काढली होती. जप्त मालाच्या पुडक्यावर पंचाच्या सहीची चिठ्ठी चिकटवावी लागते. ऐन गर्दीच्या वेळी हवालदार चिठ्ठी घेऊन यायचे आणि भेळेचा विचका व्हायचा. म्हणून गोटीराम दुपारच्या मोकळ्या वेळात दहा-दहा कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या ठोकून हवालदार दीपकच्या हवाली करायचा. "असू द्या साहेब, लागतील तशा लावा."

दोन हजार तेवीसच्या जानेवारीत एका पहाटे दीपकने त्याच्या घराचं दार वाजवलं. "गोटीशेठ, चला. आज मोठं काम आहे. बाहेरचं पथक आलंय." मोठं काम म्हणून गोटीरामने इस्त्रीचा शर्ट घातला. दुसरा पंच त्याचा मेहुणा सनी. तो जीपमध्ये बसला आणि झोपला, तो झडती संपल्यावर सही करण्यापुरता जागा झाला. पुढे तो सुरतेला कामाला गेला आणि समन्सला कधी सापडलाच नाही.

जीप जुन्या नाशकात एका कल्हईवाल्याच्या घरासमोर थांबली. खलील नावाचा सव्वीस वर्षांचा पोरगा, आई जैतुनबी, दोन खोल्या. एका खोलीत भाता, भट्टी, कथलाच्या कांड्या आणि लोकांची तांब्या-पितळेची पातेली. पथकाच्या साहेबांनी सगळं उलथंपालथं केलं. फळीवर कागदाची एक पुडी सापडली, पांढरी पावडर. खलील सांगत राहिला, "साहेब, नवसागर आहे. कल्हईला लागतो. तापलेल्या भांड्यावर टाकतात." साहेबांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू बॉम्बनेच तोंड उघडलंय.

पुडी पुढे आली तशी गोटीरामने सवयीने हातात घेतली, जरा खालीवर केली आणि परत दिली. मग दीपकने मांडीवर फळी ठेवून पंचनामा लिहिला. गोटीरामने वाचला नाही, सही केली. जैतुनबीने त्या गडबडीतही त्याला पाण्याचा तांब्या दिला होता, तो रिकामा करून तो बाहेर पडला. आठ वाजता गाडीवर कांदा चिरायला हजर.

खलीलवर आरोप लागला तो साधासुधा नव्हता. दहशतवादी टोळीत सहभाग. कलमं अशी की जामीन जवळजवळ विसरायचा. एका केटरिंगवाल्याला त्याच्या चार साथीदारांसह पकडलं होतं. त्याचं काय खरं, काय खोटं, ते त्याचं त्याला ठाऊक. पण त्याच्या फोनमधून खलीलला गेलेले अकरा कॉल निघाले, कारण त्याच्या बिर्याणीच्या डेगांना, म्हणजे मोठाल्या पातेल्यांना, खलील कल्हई करायचा. अकरा कॉल आणि एक पुडी, एवढ्यावर खलील तुरुंगात गेला. वर्तमानपत्रात फोटो आला. गल्लीतल्या लोकांनी आपापली पातेली गुपचूप परत नेली, काहींनी बिनकल्हईचीच.

गोटीरामला यातलं काही टोचलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. उलट त्याने ते वर्तमानपत्र गाडीवर लावलं होतं. "या केसला मीच पंच हाय," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि भेळेचा भाव तेवढाच असूनही लोक जरा जास्त अदबीने खायचे.

दोन वर्षं गेली. खटला उभा राहिला आणि यंदा एप्रिलात गोटीरामला साक्षीचं समन्स आलं. त्याच आठवड्यापासून एक बाई गाडीवर यायला लागली. दहा रुपयांचे खारे शेंगदाणे घ्यायची, समोरच्या कट्ट्यावर बसून एकेक करून खायची आणि जायची. आठ दिवस ती एक शब्द बोलली नाही. गोटीरामनेही तिला ओळखलं नाही. जिच्या हातचं पाणी प्यायला, तिचं तोंडही त्याने बघितलं नव्हतं.

नवव्या दिवशी ती गाडीपाशी आली. "गोटीभाऊ, तुम्ही वजन हातानं सांगता म्हणे?"

"अख्ख्या नाशकाला विचारा," गोटीराम फुलला.

"माझ्या घरात एक पुडी हातात घेतली होती तुम्ही. दोन साल झाले. किती असंल?"

तेव्हा त्याची ट्यूब पेटली. पण प्रश्न वजनाचा होता, आणि वजनाच्या प्रश्नाला गोटीरामची जीभ डोक्याला विचारत नसे. "पाव किलोला तीस ग्रॅम कमी. कागदासकट," तो बोलून गेला.

जैतुनबीने पदराआडून दोन कागद काढले. एक होती झडतीच्या दिवशी तिला मिळालेली पंचनाम्याची प्रत. तिच्यावर 'पांढरी पावडर, वजन' आणि पुढे कोरी जागा. दुसरा कोर्टात दाखल झालेला तोच पंचनामा. त्यातली कोरी जागा भरलेली होती: तीन किलो चारशे ऐंशी ग्रॅम. खाली दोन्हीकडे गोटीरामची सही, अगदी वळणदार.

"साडेतीन किलो?" गोटीराम ओरडला. "कोण मुडद्यानं मोजलं हे? माझ्या सहीवर?"

बघा, हा माणूस कसा होता ते. एक निरपराध पोरगा दोन वर्षं आत सडतोय याचा त्याला राग आला नाही. राग आला तो कुणीतरी त्याच्या नावावर चुकीचं वजन लावलं याचा.

जैतुनबी शांत होती. तिने वकिलाकडून ऐकलेलं एव्हाना पाठ केलं होतं. "भाऊ, वकीलबाई सांगते, ओळख असणं गुन्हा नाही. फोन करणं गुन्हा नाही. खलीलला त्यांचा कट ठाऊक होता आणि त्यानं जाणूनबुजून हात लावला, हे दाखवावं लागतं. दाखवायला त्यांच्याकडं फक्त ती पुडी हाय. तपासणीत बारूद निघाली. आता कल्हईवाल्याच्या घरात साडेतीन किलो बारूद कशी, मला सांगा." तिने कागद घडी करून पदराआड ठेवले. "मी तुम्हाला काही बोला म्हणत नाही," ती म्हणाली. "फक्त विचारायला आले." आणि त्या दिवशीचे शेंगदाणे न घेताच निघून गेली.

दुपारी दीपक गाडीवर आला तेव्हा गोटीरामने त्याला धरला. दीपकने आधी इकडेतिकडे बघितलं, मग भेळ मागवली, मग खरं बोलला. त्या आठवड्यात एका ट्रॅक्टरवरून विहीर फोडायची दारू जप्त झाली होती, तीही पांढरीच. दोन्ही माल एकाच कपाटात. झडतीला काटा नेला नव्हता म्हणून वजन कोरं सोडलेलं. नंतर घाईघाईत चिठ्ठ्या चिकटवल्या, पुडकी शिवली, लाख लावली, आणि वजन भरलं. गोटीरामची तयार सही होतीच. ती चिकटली भलत्या पुडक्यावर.

"मग सांगा ना साहेबाला!"

"काय सांगू? त्या साहेबांचं नाव पदकाला गेलंय गोटीशेठ. तीन किलोचं पदक पाव किलोवर आणू? तुम्ही नेहमीसारखं होय म्हणा आणि मोकळे व्हा. नाहीतर चिठ्ठ्यांचं निघेल. मग मीही जाईन, तुम्हीही जाल, आणि ही गाडी तर पहिली जाईल."

गोटीरामला त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. दीपकची नाही, साहेबांची नाही, स्वतःची. चिठ्ठ्यांची युक्ती त्याचीच होती. कुणी मागितली नव्हती. भेळ गार होऊ नये म्हणून त्याने ती काढली होती, आणि भेळ तर मुळात गारच असते.

घरी त्याने बायकोला, सिंधुबाईला, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गाडी गेली तर मी चार घरी पोळ्या लाटीन. पण ती बाई तिथं येऊन बसत राहिली ना, तर तुमच्या गळ्याखाली घास उतरायचा नाय. तुम्ही न जेवता फुगून बसलात की माझ्या डोक्याला लय ताप हाय."

मे महिन्यात साक्ष झाली. पिंजऱ्यात गोटीराम, मागे बाकावर दीपक आणि जैतुनबी, आरोपींच्या जागी दाढी वाढलेला खलील. त्याच्याकडे बघायचं गोटीरामने टाळलं. सरकारी वकिलांनी नेहमीच्या पंचाला नेहमीसारखं विचारलं. पंचनाम्यावर सही तुमची? माझी. पुडक्यावरच्या चिठ्ठीवर? तीबी माझीच. "हेच पुडकं तुमच्या समक्ष आरोपीच्या घरातून जप्त झालं, बरोबर?"

एका 'होय'चं काम होतं. चाळीस वेळा तो शब्द तोंडातून आपोआप निघाला होता.

"साहेब, हातात घेऊ का?" गोटीराम म्हणाला.

"घ्या की!" सरकारी वकील खूश झाले. पंच असावा तर असा.

गोटीरामने पुडकं उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "हे साडेतीन किलोचं हाय. त्या घरात मी हातात घेतलं ते पाव किलोला तीस ग्रॅम कमी व्हतं. हे ते नव्हंच."

मग सरकारी वकिलांनी लालबुंद होऊन साक्षीदार फितूर जाहीर करावा असा अर्ज केला, आणि न्यायाधीशबाईंनी तो मंजूर केला. बावीस वर्षांचा माज एका ओळीत संपला. गोटीरामला ते लागलं, आणि चांगलंच लागलं.

"हाताने वजन कळतं तुम्हाला?" सरकारी वकिलांनी त्याची उलटतपासणी सुरू केली. "हातात काय काटा बसवलाय?"

"घेऊन बघा ना साहेब."

"हे कोर्ट आहे, बाजार समिती नाही!"

न्यायाधीशबाई मात्र चष्म्यावरून बघत होत्या. सकाळपासून तीन तारखा पडल्या होत्या आणि पंखा बंद होता. त्यांनी समोरचं कायद्याचं जाडजूड पुस्तक शिपायाकडे दिलं. "सांगा."

गोटीरामने ते तोललं. "दोन किलोवर शंभर."

शिपाई समोरच्या मिठाईवाल्याचा काटा घेऊन आला. दोन किलो पंच्याऐंशी. बाईंनी पेन-स्टँड दिला, तो बरोबर. मग सरकारी वकिलांनी चिडून स्वतःचा जेवणाचा डबा पुढे केला. "साडेसातशे," गोटीराम म्हणाला, "त्यात भाजी लय पातळ हाय, हिंदकळती." काट्याने सातशे साठ दाखवले. भाजीची तपासणी कोर्टाने केली नाही, पण वकिलांचा चेहरा पुरेसा होता.

आता खलीलच्या वकील योगिनी वाघचौरे उठल्या आणि त्यांनी जैतुनबीकडची प्रत दाखल केली, वजनाची जागा कोरी असलेली. सरकारी वकील हसले. ते कच्चे नव्हते. "गोटीराम, हे पुडकं ते नाही म्हणता. मग याच्यावर तुमची सही आली कुठून?"

हाच तो प्रश्न, ज्याची भीती होती. बाकावर दीपकने डोळे मिटून घेतले.

"मी कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून देऊन ठेवायचो," गोटीराम म्हणाला. "दहा-दहाच्या गड्ड्या. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझीच अक्कल."

"आणि ज्या पंचनाम्यांवर 'माझ्या समक्ष' लिहिलंय?"

"बहुतेक वेळा मी भेळ करत व्हतो."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही कोर्टात शपथेवर खोटं बोललात! मग आज कोर्टाने तुमच्यावर विश्वास का ठेवावा?"

गोटीरामला रडू फुटलं, साठीच्या माणसाला, भर कोर्टात, आणि ते त्याने लपवलं नाही. "नका ठेवू साहेब," तो म्हणाला. "माझ्यावर नका ठेवू. तो मिठाईवाल्याचा काटा हितंच हाय. पाव किलो आन साडेतीन किलोत काय फरक असतो ते त्याच्यावर बघा. पण त्या पोराला माझ्या सहीवर आत नका ठेवू."

न्यायाधीशबाईंनी सगळं शब्दशः लिहून घेतलं, त्याच्या विरोधातलंही.

बावीस वर्षं जी गाडी शहरात कुणालाच दिसली नव्हती, ती साक्षीनंतर तिसऱ्या दिवशी अतिक्रमण ठरली. दीपकची बदली झाली आणि त्याने जाताना गोटीरामकडे बघितलंसुद्धा नाही. सिंधुबाई खरंच पोळ्या लाटायला जाऊ लागली. जुने आरोपी गोटीरामचं नाव घेऊन आपापल्या वकिलांकडे धावले. त्यांतले काही पक्के चोर होते, हेही आपण मान्य करू.

सप्टेंबरात निकाल लागला. बाकीच्यांचं ज्याचं त्याचं झालं. खलीलबद्दल कोर्टाने लिहिलं की ओळख होती, फोन होते, पण कट ठाऊक असल्याचा आणि त्यात हात असल्याचा पुरावा नाही, सहभाग सिद्ध होत नाही, निर्दोष मुक्त. आणि खाली आणखी एक परिच्छेद: पंच गोटीराम डेर्ले याच्यावर खोट्या पुराव्याबद्दल कारवाई सुरू करावी.

गोटीराम व्हरांड्यात उभा होता. जैतुनबी बाहेर आली आणि सरळ त्याच्याकडे चालत गेली. आता ही बाई पाया पडते की काय, म्हणून तो अवघडून दोन पावलं मागे सरला. तिने त्याच्या कानाखाली एक सणसणीत ठेवून दिली. वकील मंडळी थबकली. मग तीच म्हणाली, "चला. पोराला आणायला जायचंय. तुम्हीपण या."

तुरुंगाच्या दारात संध्याकाळी पाचला खलील बाहेर आला. हातात एक पिशवी, केस बारीक कापलेले. आईला मिठी मारून झाल्यावर त्याने गोटीरामकडे बघितलं. कोर्टात त्याने ऐकलं सगळं होतं, पण त्या पहाटेनंतर एवढ्या जवळून हा माणूस पहिल्यांदाच बघत होता.

गोटीरामने घरून काय काय बोलायचं ठरवून आणलं होतं. त्यातलं काही आठवेना. "पोरा, माझं चुकलं," एवढंच तो म्हणाला.

खलीलच्या आवाजात राग नव्हता, खरोखर माहीत करून घ्यायचं असावं तसं त्याने विचारलं, "चाचा, तो कागद वाचायला किती वेळ लागला असता?"

गोटीरामसमोर दोन वर्षं आठ महिने उभे होते.

"पाच मिनिटं," तो म्हणाला.

खलीलने मान हलवली, पिशवी रिक्षात ठेवली आणि आईच्या शेजारी जाऊन बसला.